वेब डिझाइनच्या प्रात्यक्षिकात वापरकर्त्यालाही जागा द्या

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वेब डिझाइनच्या प्राथमिक अभ्यासक्रमात वापरसुलभतेच्या (पान वापरायला किती सोपे आहे याच्या) चाचणीला गुण देण्याबाबत.

महोदय,

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी बीसीएच्या सुरुवातीच्या वर्गांना वेब डिझाइन शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलामुलींचा या क्षेत्राशी येणारा हा पहिला संबंध असतो, आणि इथे लागलेल्या सवयी पुढे नोकरीतही त्यांच्यासोबत जातात. म्हणूनच या विषयाची परीक्षा आज कशी घेतली जाते, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला एखादा नोंदणी अर्ज, कोष्टक आणि दोन-चार दुवे असलेले पान करायला सांगितले जाते. जर्नलमध्ये कोड लिहिलेला असतो आणि त्याखाली पडद्याचे चित्र चिकटवलेले असते. बाह्य परीक्षक टॅग (पानाची रचना सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा) बरोबर आहेत का, पान ब्राउझरमध्ये उघडते का हे पाहतात, तोंडी परीक्षेत एखाद-दोन व्याख्या विचारतात आणि गुण देतात. यात परीक्षकांचा दोष नाही, कारण गुणांच्या तक्त्यात याहून वेगळा रकानाच नसतो. हे पान वापरताना दुसऱ्या कोणा माणसाला तू पाहिले आहेस का, हा प्रश्न मात्र विद्यार्थ्याला संपूर्ण सत्रात कोणीही विचारत नाही. शिंपीकाम शिकणाऱ्याला माप घ्यायला न शिकवता फक्त मशीन चालवायला शिकवावे, तशी ही स्थिती आहे.

माझी मागणी एकच आहे. या विषयाच्या अंतर्गत गुणांपैकी किमान एक तृतीयांश गुण, विद्यार्थ्याने आपले पान इतरांना वापरायला देऊन केलेल्या निरीक्षणाला आणि त्यानंतर पानात केलेल्या सुधारणेला दिले जावेत.

ही चाचणी अगदी साधी असते. केलेला अर्ज मोबाइलवर उघडायचा, ग्रंथालयातल्या परिचराच्या किंवा दुसऱ्या शाखेतल्या मुलीच्या हातात द्यायचा, एक काम सांगायचे आणि शेजारी गप्प बसायचे. काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, असे समोरच्याला आधी सांगून ठेवायचे. इंटरफेस, म्हणजे माणूस ज्यातून यंत्राशी व्यवहार करतो तो पडदा आणि बटणे, तपासण्यासाठी ही पद्धत आयबीएममध्ये संशोधक क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये मांडली आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे. मुलांना सर्वांत अवघड जाते ते गप्प बसणे. त्यांचा हात आपोआप पुढे जातो, ‘काका, ते खाली बटण आहे ना’ असे तोंडून निघते, आणि नेमके तिथेच शिकवण्यासारखे काहीतरी हाती लागते : ज्या जागी सांगावेसे वाटले, त्या जागी पान स्वतःहून काही सांगत नाही.

अशा चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी फार मोठ्या नसतात. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत दिलेली सूचना टाइप करायला लागताच नाहीशी होते आणि काय लिहायचे होते तेच माणूस विसरतो. आधी आडनाव लिहायचे की स्वतःचे नाव, हे कुठेच सांगितलेले नसते. जन्मवर्ष गाठण्यासाठी दिनदर्शिकेत एकेक महिना मागे नेत बसावे लागते, मोबाइल क्रमांकासाठी अक्षरांचा कळफलक उघडतो, आणि सगळे भरून झाल्यावर लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढेच उमटून भरलेली माहिती पुसली जाते. यांतील बहुतेक अडचणींवरचा उपाय काही ओळींच्या कोडचा असतो. रकान्याला लेबल, म्हणजे त्याचे शेजारी लिहिलेले नाव, कोडमध्ये नीट जोडले की लेबलच्या शब्दांवर बोट टेकवले तरी रकाना निवडला जातो, ही गोष्ट पुस्तकात एका वाक्यात सांगितलेली असते आणि मुले ती वाचून पुढे जातात. पण एखाद्या वयस्कर माणसाचे बोट त्या बारीकशा चौकोनावर नेमके पडत नाही हे पाहिलेली मुलगी ते वाक्य विसरत नाही.

यासाठी महागडी प्रयोगशाळा किंवा शेकडो माणसे लागत नाहीत. वापरसुलभतेचे संशोधक जेकब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका वापरकर्त्याच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात आणि पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के. हे आकडे त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांवरून आलेले आहेत आणि वापरकर्ते साधारण एकाच प्रकारचे असतील तेव्हाच ते लागू पडतात, हेही मुलांना सांगायला हवे. तरीही पंधरा जणांवर एकदाच चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांवर तीनदा करावी आणि दरम्यान पान सुधारत जावे, हा नील्सन यांचा सल्ला वर्गासाठी फार सोयीचा आहे. इंटरफेस कसा असावा याची त्यांची १९९४ ची दहा सूत्रे काही ठिकाणी शिकवली जातात, पण गुणांचा तक्ता जुनाच राहिल्याने ती पाच गुणांचे उत्तर म्हणून पाठ केली जातात.

मराठीचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा लागेल, कारण परदेशी पाठ्यपुस्तके तो क्वचितच हाताळतात. इंग्रजी मथळ्यांत शोभणारे अक्षरांमधले वाढीव अंतर देवनागरीला दिले की शिरोरेषा तुटते. रोमन लिपीसाठी बेतलेली ओळींची उंची तशीच ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. शिवाय तयार साचा उचलून केलेल्या पानाच्या सुरुवातीलाच पानाची भाषा इंग्रजी असल्याची नोंद असते आणि ती बदलण्याचे कोणाला सुचत नाही. दृष्टिहीन व्यक्ती वापरतात ते स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) याच नोंदीवरून वाचनाचा आवाज आणि उच्चार निवडू शकते. ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे मराठी वळणाचे ल आणि श हेसुद्धा याच नोंदीमुळे उमटतात. एन्व्हीडीए हे स्क्रीन रीडर मोफत मिळते आणि मराठीही वाचते. ते प्रत्येक संगणक प्रयोगशाळेत बसवावे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एकदा माऊस बाजूला ठेवून, पडदा बंद करून आपलेच पान ऐकावे. पुण्यात कोरेगाव पार्कात आणि कोथरूडला अंधशाळा आहेत. तिथल्या शिक्षकांना योग्य मानधन देऊन वर्गात बोलावले, तर मुलांना जे शिकायला मिळेल ते मी कितीही तास घेऊन देऊ शकणार नाही.

हा आता कायद्याचाही विषय आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ पासून आहे, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ऑनलाइन ओळख पडताळणीत डोळे मिचकावून दाखवता येत नव्हते, हा त्या याचिकांचा विषय होता. असा पडदा रचणारा माणूसही कधीतरी पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेला असतो.

अभ्यासक्रमात वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला सत्रात ६० तास मिळतात आणि त्यांतले १२ तास या कामाला पुरतात. फ्रेमसेट आणि मार्की हे एचटीएमएल ५ ने (वेब पाने लिहिण्याच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने) बाद ठरवलेले टॅग जिथे अजूनही जर्नलमध्ये करून घेतले जातात, तिथे तर वेळ हाताशीच आहे. खरा धोका वेगळा आहे : जर्नल जसे एकमेकांचे पाहून उतरवले जाते, तसेच निरीक्षणाचे अहवालही उतरवले जातील. यावर उपाय म्हणून परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसमोर, दुसऱ्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला बसवून, प्रत्येकाने दहा मिनिटांची चाचणी घेऊन दाखवावी. तिथे खोटेपणा टिकत नाही.

अभ्यासक्रम ठरवणे हे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांचे आणि विद्या परिषदेचे काम आहे व ते त्यांच्याकडेच राहावे. परंतु पदविका अभ्यासक्रम आखणारे तंत्रशिक्षण मंडळ आपल्या विभागाच्या अखत्यारीत येते, विद्यापीठांना आपण शिफारस करू शकता, आणि अध्यापकांसाठी सुटीत एका आठवड्याचे प्रशिक्षण आखू शकता. हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत हेच काम करणारे अनुभवी लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांना शनिवारी वर्गात आणणे फारसे कठीण नाही.

एक विनंती थेट आपल्या विभागाच्या कामाशी जोडलेली आहे. महाविद्यालयांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांवर ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असे फलक दिसतात, आणि हातात मोबाइल असलेली मुलेही प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज पैसे देऊन तिथे भरून घेतात. चूक झाली तर वर्ष जाईल ही भीती त्यामागे असते. आपल्या विभागाच्या प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळांची चाचणी-प्रत, अर्ज खुले होण्याच्या दोन महिने आधी, पुण्यातल्या काही महाविद्यालयांना तपासण्यासाठी द्यावी. उच्च शिक्षण संचालनालय पुण्यातच असल्याने समन्वयही सोपा जाईल. चाचणीत केवळ नमुन्याची नावे आणि क्रमांक वापरावेत, कोणत्याही खऱ्या अर्जदाराची माहिती मुलांच्या हाती जाऊ नये. आणि त्यांचे अहवाल कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायचे व त्यावर किती दिवसांत लेखी उत्तर मिळेल, हे त्याबाबतच्या परिपत्रकातच नमूद करावे.

आपली विश्वासू,
वेब डिझाइनची एक अध्यापिका,
पुणे.