टेहळणीवरच्या फायर वॉचर दादांस, आभाराचं पत्र

दादा,

सप्रेम नमस्कार.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. या चार महिन्यांत पाठीवर ब्लोअर, म्हणजे वाऱ्याच्या झोतानं पाचोळा उडवणारं यंत्र, घेऊन आगीला भिडणाऱ्यांचे फोटो छापून येतात, आणि ते यायलाच हवेत. हे पत्र मात्र तुम्हाला आहे. टेकाडावर उभं राहून तुम्ही आगीला हातही लावत नाही. खाली आठ-दहा जण घामाघूम झालेले असताना वर एक जण ‘नुसता उभा’ आहे, हे बघणाऱ्यांना खटकतं. त्यांच्यासाठी, तुम्ही तिथं काय करता ते इथं जरा सविस्तर लिहितो.

साग-बांबूच्या जंगलातली आग बहुतेक वेळा जमिनीवरून, पाचोळ्यातून सरकते. वारा वाहतो त्या दिशेला तिचं तोंड. दोन्ही बाजू मंद, मागची कड त्याहून मंद. तोंडासमोर कोणी उभं राहत नाही, माणसं मागून किंवा बाजूनं शिरतात. घात होतो तो इथंच. वारा काटकोनात फिरला की अर्धा किलोमीटर लांबीची ती मंद बाजूच आगीचं तोंड होते. सुरक्षित म्हणून जिथं सगळे काम करत होते, तीच बाजू. मग हातात काही मिनिटंच उरतात, कधी तीही नाहीत.

एप्रिल-मेच्या दुपारी असा वारा बऱ्याचदा ढगातून येतो. ढगातला पाऊस खाली येता येता हवेतच विरतो, त्यानं हवा थंड आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ढग पंधरा-वीस किलोमीटर लांब असला, आपल्या डोक्यावर लख्ख ऊन असलं, तरी तो झोत येऊन धडकू शकतो. झाडीत वाकून काम करणाऱ्याला आभाळच दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. वारा पडून धूर सरळ उभा राहिला की खालच्यांना हायसं वाटतं आणि तुम्ही मात्र सावध होता, कारण झोत येण्याआधी कधी कधी असाच खंड पडतो. लांबच्या गाडीरस्त्यावर उठलेली धूळ, समोरच्या टेकडीवर हलू लागलेले शेंडे, धुराचं बदललेलं टोक, एवढंच तुमच्यापाशी असतं, आणि बहुतेक वेळा ते पुरतं. फक्त बघणारा माणूस हवा.

तो नसला की काय होतं? अमेरिकेत ॲरिझोनातल्या यार्नेल हिलवर ३० जून २०१३ रोजी वादळी ढगाच्या झोतानं आगीची दिशा फिरवली आणि एकाच पथकाचे १९ जवान गेले. त्यांच्या टेहळणीवाल्याला आग जवळ आल्यानं आधीच जागा सोडावी लागली होती. पथक जळून गेलेल्या सुरक्षित भागातून निघून खालच्या वस्तीकडे उतरत होतं, आणि उतारावर त्यांना आग दिसेनाशी झाली. आपल्याकडे ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात तीन वनमजूर गेले. आटोक्यात येत आलेली आग वाऱ्यानं पुन्हा भडकली होती. ‘आटोक्यात आली’ हे शब्द कानावर आले की माणसं ढिली पडतात. त्या वेळी तुम्ही टेकाड सोडून खाली येत नाही, त्याबद्दल खास आभार.

ब्लोअरवाल्याचं तर पुरतं भान तुमच्यावर अवलंबून असतं. इंजिन पाठीवर, कानाच्या अगदी जवळ. हाक, शिट्टी, वायरलेस, त्याला काहीच ऐकू येत नाही. नजर समोरच्या दोन-तीन मीटर पाचोळ्यावर. म्हणून त्याच्यामागे एक जोडीदार लागतो. तुमची शिट्टी जोडीदार ऐकतो आणि ब्लोअरवाल्याचा खांदा दाबतो. ही साखळी काम सुरू होण्याआधी एकदा करून बघायची असते, आणि तुम्ही ती करून घेता.

तसंच पळवाटेचं. तुम्ही ती आधी चालून बघता, सर्वांत हळू चालणाऱ्याला बरोबर घेऊन. वाट चढावर नको. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो हा जुना ठोकताळा आहे, आणि माणसाचा वेग तिथंच निम्म्यावर येतो. अरुंद नाल्यात, घळीत शिरणं सर्वांत वाईट, तिथून आग धुराड्यातून चढावी तशी चढते. नांगरलेलं शेत, तलावाचं उघडं पात्र, रुंद वाळूची नदी चालते. पूर्ण जळून गेलेली जागाही चालते, पण पूर्ण म्हणजे पूर्ण. वरची पानं नुसती होरपळली असतील तर ती गळतात आणि त्याच जागी दुसऱ्यांदा आग फिरते. जागा किती मोठी? सपाटीवर, वारा नसताना, ज्वालेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर चारही बाजूंनी. ज्वाला दोन मीटर असेल तर आठ मीटर. उतार किंवा वारा असेल तर याहून बरंच जास्त. पथकाच्या डोळ्यांना हे अंतर नेहमी जास्तच वाटतं, तुम्ही पावलांनी मोजून दाखवता.

आणि निघण्याची खूण. ‘आग त्या वाळक्या बिब्ब्यापर्यंत आली की निघायचं’, हे तुम्ही सकाळीच ठरवता. दुपारी ठरवू म्हटलं तर उशीर होतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आधी डोकं मंद करतो आणि ज्याचं डोकं मंद झालं त्याला ते कळत नाही. तोंडाला दुपट्टा बांधून तो वायू अडत नाही. धुराबाहेर उभे असलेले तुम्हीच त्या वेळी नीट विचार करू शकता. म्हणून तुमची शिट्टी झाली की वनरक्षकानंही वाद घालू नये. आणि दहा वेळा शिट्टी वाजवून नऊ वेळा काहीच झालं नाही, म्हणून कोणी हसलं, तरी दहाव्यांदा तुम्ही ती वाजवता.

हात कमी पडले की तुम्हाला खाली बोलावून हातात ब्लोअर दिला जातो, हे आम्हाला माहीत आहे. तसं करू नये, हे प्रत्येक प्रशिक्षणात आम्ही सांगतो आणि सांगत राहू. तुमच्यासाठी जास्तीची एक शिट्टी, एक दुर्बीण आणि चार्ज केलेली वायरलेसची बॅटरी, एवढं हंगामाआधी प्रत्येक बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या ताब्यातल्या जंगलाच्या प्रत्येक भागात, पोहोचावं यासाठी पत्रव्यवहारही सुरू आहे.

आपले ऋणी,
वणवा प्रशिक्षणाचं काम करणारे आम्ही काही जण