प्रसूतिगृहाच्या दारातून सोबतिणीला आत येऊ द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक बाईजवळ तिच्या विश्वासाचे एक माणूस, कळा सुरू झाल्यापासून बाळ तिच्या कुशीत येईपर्यंत, थांबू दिले जावे, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी नवी नाही. सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिगृहात सोबतीण असू द्यावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 च्या फेब्रुवारीतच ठरवले. 2017 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या, प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तीच गोष्ट पुन्हा आली आणि 2019 च्या ‘सुमन’ योजनेने बाळंतिणीला सन्मानाच्या वागणुकीची हमी दिली. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठीत ते इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी लिहिले आहे, कारण ज्या घरात पहिलटकरीण आहे त्या घराला हा हक्क आधीपासून ठाऊक असायला हवा.

माझे सासर देवासचे, माहेर इंदूरच्या रामबागेतले. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने सातव्या महिन्यात मी आईकडे आले. गेल्या श्रावणात एका रात्री पाणी गेले, 108 ची गाडी वेळेवर आली आणि आम्ही शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात पोहोचलो. इथवरची सगळी व्यवस्था चोख होती, हे मुद्दाम नोंदवते. प्रसूतिगृहाच्या दाराशी मात्र सुरक्षारक्षकाने आईपुढे हात आडवा धरला. ‘अम्माजी, आप बाहर बैठिए, अंदर कोई नहीं जाएगा.’ आईने घाईने पिशवीतली लिंबू-साखर पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. आत गेल्यावर तीही काढून खिडकीत ठेवण्यात आली.

आत टेबले ओळीने मांडलेली होती आणि त्यांच्या मधले हिरवे पडदे दांडीच्या एका कडेला गुंडाळून गाठ मारून ठेवलेले होते. सिस्टरला एका नजरेत सगळ्या दिसाव्यात म्हणून तसे केले असावे. माझ्या कळा कमरेतल्या होत्या. कळ यायची ती माकडहाडापाशी उठून दोन्ही बाजूंनी ओटीपोटाला वेढायची. अशा वेळी मागून कोणी तळहाताने तिथे घट्ट दाबून धरले की बरेच सुसह्य होते. हे आमच्या घरातल्या बायकांना माहीत आहे आणि मालिशीचा उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींतही आहे. दाबणारे कोणी नव्हते, म्हणून मी स्वतःचीच मूठ वळून कमरेखाली सरकवत होते. कळ वाढली की हातातला जोर जायचा आणि मूठ उघडायची.

सिस्टरविषयी माझी तक्रार नाही. रात्रपाळीला ती जवळजवळ एकटीच होती. बाळांचे ठोके ऐकणे, सलाइन बदलणे, कागद भरणे आणि डॉक्टरांना फोन करणे हे सगळे तिच्याच गळ्यात होते. तपासून झाल्यावर तिने ‘चार सेंटीमीटर’ एवढेच सांगितले आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली. चार म्हणजे चांगले की वाईट, बाळ अडले आहे की सगळे ठीक आहे, हे पहिलटकरणीने कसे समजावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार जोराच्या कळांचा टप्पा गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यापासून धरतात, त्याआधीच्या टप्प्याला ठरावीक मुदत नसते, आणि पहिल्या खेपेला तो जोराचा टप्पा बारा तासांपर्यंत चालणेही नेहमीचेच असते. म्हणजे त्या वेळी मी उठून फिरू शकले असते, कुशीवर वळू शकले असते, घोटभर पाणी पिऊ शकले असते. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मी पाठीवर उताणी पडून, आपले काहीतरी बिघडले आहे असे धरून चालले होते, आणि त्या भीतीने अंग आणखीच आखडत होते.

माझ्या शेजारच्या टेबलावर अलीराजपूरकडची एक मुलगी होती, माझ्याहून लहान, तिचेही पहिलेच. तिला हिंदी जेमतेम समजत होते. ती पुन्हा पुन्हा पायाकडे हात दाखवून भिलीत काही सांगत होती आणि आयाबाई तिला ‘चिल्लाओ मत, ज़ोर लगाओ’ म्हणत होती. तिची सासू दाराबाहेर माझ्या आईच्याच बाकावर बसलेली होती. ती आत असती तर एका वाक्यात उलगडा झाला असता: पोरीच्या पोटरीत पेटका आला होता. धार, झाबुआ, बडवानी, अलीराजपूर या जिल्ह्यांतून अवघड बाळंतपणे अनेकदा इंदूरला येतात. त्या बायकांसाठी सोबतीण ही धीर देणारीच नव्हे, दुभाषीही असते, आणि बाईला काय होते आहे हे न समजता तिच्यावर उपचार करणे डॉक्टरांसाठीही सोयीचे नाही.

सोबतीचा उपयोग मायेपुरता नाही. कळा देणाऱ्या बाईला अखंड सोबत मिळाली तर काय होते, याच्या अनेक देशांतल्या, 15,000 हून अधिक बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासून 2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेने निष्कर्ष मांडले. सोबत असलेल्या बायकांचे बाळंतपण आपोआप, नैसर्गिकपणे होण्याचे प्रमाण जास्त होते, कळांचा काळ कमी होता, सिझेरियन कमी झाली आणि अनुभव वाईट होता असे सांगणाऱ्याही कमी होत्या. ज्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, असा उपाय आरोग्य खात्याच्या हाती क्वचितच येतो.

आपल्या राज्याला तर त्याची गरज अधिक आहे. केंद्र सरकारच्या 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या, मध्य प्रदेशात 173. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे अशा मृत्यूंचे एक मोठे कारण आहे आणि पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे. सोबतीण रक्त थांबवू शकत नाही, पण खालची चादर पुन्हा भिजली आहे, मुलगी उत्तर देईनाशी झाली आहे, हे ती सिस्टरच्या आधी पाहील आणि हाक मारील. सिस्टर दुसऱ्या टेबलावर गुंतलेली असताना हे पाहणारे दुसरे आहे कोण?

2005 मध्ये दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बायकांना पैसे देणारी जननी सुरक्षा योजना सुरू झाली, तेव्हा आपल्या राज्यातल्या जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या बायका दवाखान्यात बाळंत होत होत्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे 90 टक्क्यांवर गेले. शासनाने बोलावले आणि बायका आल्या. माझी आजी बाळंत झाली ती माजघरात; उशाशी तिची आई आणि पायाशी सुईण होती. त्या खोलीत धोके पुष्कळ होते आणि त्या काळाकडे परत जावे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण घरातून रुग्णालयात येताना उशाशी बसणारी बाई मात्र दाराबाहेर राहिली, आणि तिला बाहेर ठेवण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नव्हते.

गर्दी होईल, जंतुसंसर्ग होईल, नातेवाईक भांडतील, अशी कारणे मला रुग्णालयात सांगितली गेली. केंद्राच्या सूचनांनी त्यांचा विचार आधीच केलेला आहे. सोबतीण एकच असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात आणि इतर बायकांच्या बाबतीत ढवळाढवळ करू नये. जिथे पडद्याआडची व्यवस्था नीट आहे तिथे नवऱ्यालाही येऊ देता येते. तामिळनाडूच्या सरकारी रुग्णालयांनी केंद्राच्याही आधी ही पद्धत चालू केली. इंदूरला हे जमणार नाही, असे मला कोणी सांगू नये. ओला कचरा कोणता, सुका कोणता, हे दारोदार रोज तपासून 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले येणाऱ्या शहराला टेबलांमधले पडदे सोडणे आणि उशाशी एक स्टूल ठेवणे अवघड असू शकत नाही.

माझे बाळ पहाटे झाले. मुलगी आहे, सुखरूप आहे. टाके घातले गेले तेव्हा ते का आणि कुठे, हे मला कोणी सांगितले नाही, आणि बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यायचे असते हेही मला तेव्हा माहीत नव्हते. आई आत असती तर तिने दोन्ही गोष्टी विचारल्या असत्या. थकलेल्या, अर्धवट गुंगीतल्या बाईने आपले हक्क आठवून बोलावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे की, 2016 च्या निर्णयाचा दाखला देऊन राज्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहासाठी, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये धरून, आपल्या सहीचा स्पष्ट आदेश निघावा. ‘सोबतिणीला जागेच्या सोयीनुसार प्रवेश द्यावा’ असली शब्दरचना त्यात नसावी. सोयीनुसार म्हटले की सोय कधीच होत नाही. आदेश सुरक्षारक्षकांपर्यंत पोहोचावा, कारण प्रत्यक्षात निर्णय तेच करतात आणि त्यांना कोणी काही सांगितलेले नसते. कोणत्या बाळंतिणीजवळ सोबतीण होती याची नोंद प्रसूतीच्या कागदातच व्हावी आणि जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात ती विचारली जावी. रात्रपाळीच्या सिस्टरांची संख्या वाढवण्याचे काम यामुळे मागे पडू नये. सोबतीण ही सिस्टरची जागा भरण्यासाठी नाही. प्रसूतिगृहाच्या दारावर हिंदीसोबत भिली आणि निमाडीतही फलक लागावा, आणि सोबतिणीला अडवले तर 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर त्याची स्वतंत्र तक्रार नोंदवता यावी, जिची दखल बाळंतीण टेबलावर असतानाच घेतली जाईल.

आपली विश्वासू,
रामबागेची एक माहेरवाशीण, इंदूर