लॅपटॉपचे दुखणे सापडले

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लॅपटॉपच्या पडद्याचे जे दोन फोटो तुम्ही पाठवलेत, ते काल रात्री मोठे करून निवांत पाहिले आणि दोष माझाच निघाला.

आईचा आणि तुमचा फोन त्याच वायफायवर बिनतक्रार चालतात, लॅपटॉपही जोडला जातो, पण नावाखाली ‘नो इंटरनेट’ असे दाखवतो, एवढ्यावरूनच खरे तर मला शंका यायला हवी होती. पासवर्ड चुकला असता तर लॅपटॉप जोडलाच गेला नसता, आणि बाहेरून येणारी लाइन बंद असती तर फोनवरही काही उघडले नसते. तरी मी आठवडाभर तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावत राहिलो.

दुसऱ्या फोटोत लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यात त्याला ओळखण्याचा आकडा, १९२.१६८.०.५० असा आहे, आणि आईच्या फोनवर तो १९२.१६८.१.७ आहे. तिसरा आकडा पाहा: लॅपटॉपवर शून्य, फोनवर एक. घरच्या जाळ्यातल्या सगळ्या उपकरणांचे पहिले तीन आकडे राउटरशी जुळावे लागतात. नवा राउटर स्वतः १९२.१६८.१.१ या पत्त्यावर आहे, त्यामुळे लॅपटॉप भलत्याच पत्त्यावर त्याला हाका मारत बसला आहे. एरवी हा पत्ता राउटरच प्रत्येक उपकरणाला वाटून देतो, आणि या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. परंतु लॅपटॉप माझ्याकडे होता तेव्हा प्रिंटरच्या कुठल्याशा कटकटीपायी मी त्याला हाताने कायमचा पत्ता लावून ठेवला आणि तुमच्या हवाली करताना ते साफ विसरलो. जुन्या राउटरचा पत्ता शून्यातलाच असल्याने कधी अडले नाही. राउटर बदलताना आपण नाव व पासवर्ड जुनाच ठेवला, म्हणून लॅपटॉप मुकाट्याने जोडला जात राहिला आणि खोट कोणाच्या ध्यानात आली नाही.

आता करायचे ते एवढेच. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून वायफायवर जावे, आपल्या जाळ्याच्या नावापुढील ‘प्रॉपर्टीज’ दाबावे, आणि खाली सरकत ‘आयपी असाइनमेंट’ या ओळीपर्यंत यावे. तिथे ‘मॅन्युअल’ लिहिलेले असेल. शेजारच्या ‘एडिट’वर दाबून ‘ऑटोमॅटिक’ निवडावे आणि ‘सेव्ह’ करावे. त्याच्या जवळच ‘डीएनएस’ची (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची) अशीच एक ओळ आहे, तीही ‘मॅन्युअल’ असल्यास तसेच करावे.

नंतर लॅपटॉप ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावा. हा भेद उगाच सांगत नाही: विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय चालू असली, तर ‘शट डाउन’ केल्यावर यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, तर ‘रीस्टार्ट’मध्ये सारे नव्याने उभे राहते.

त्यानंतर पत्ता पुन्हा पाहावा. सुरुवात १९२.१६८.१ अशी असेल, तर काम झाले. १६९.२५४ ने सुरुवात होत असेल, तर लॅपटॉपने पत्ता मागितला पण राउटरकडून उत्तर आले नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा जाळ्याच्या नावावर ‘फर्गेट’ दाबून पासवर्ड नव्याने घालावा. पासवर्डच्या चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून धरल्यास अक्षरे दिसतात, त्यामुळे कॅप्स लॉकचा घोटाळा होत नाही.

एक विनंती मात्र आवर्जून: राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करण्याचा शेजारच्या काकांचा सल्ला ऐकू नका. त्याने वायफायचे नाव-पासवर्ड तर जातीलच, पण बसवणाऱ्याने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते, आणि आज चालणारे फोनही बंद पडतील.

बदल केल्यावर त्याच पानाचा फोटो पाठवा, म्हणजे इथून आकडे पडताळून पाहतो. आईस सा. न.

तुमचा,
धाकटा