जामीनदार तीच, मग मालकीण का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या पुरवणीत तुम्ही नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या पिठाच्या गिरणीवर लेख छापलात. फोटो मोठा आला, दोन दिवस फोन वाजत होते. ‘नोकरी गेल्यावर जिद्दीने गिरणी उभी केली, पत्नीचीही मोलाची साथ लाभली,’ असं त्यात आहे. तुमचे वार्ताहर भले गृहस्थ. त्यांनी मला विचारलं आणि मी सांगत गेलो. फोटोच्या वेळी माझी पत्नी तिथेच उभी होती. केसांवर पीठ होतं, म्हणून ती बाजूला झाली आणि मी तिला थांबवलं नाही. चूक माझी आहे, म्हणून हे पत्र मीच लिहितो आहे.

1994 मध्ये इथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातलं माझं फिटरचं काम सुटलं. पुढचे आठ महिने मी या गेटवरून त्या गेटवर हिंडत होतो. पण धंदा त्याच्या कितीतरी आधी आमच्या एका खोलीच्या घरात सुरू झाला होता आणि मला तो धंदा वाटलाच नव्हता. पत्नीचं माहेर चांदवडकडचं. तिकडच्या रीतीने ती उन्हाळ्यात काळा मसाला करायची. एका वर्षी शेजारणीने वाटीभर नेला, पुढच्या वर्षी चार घरांचा केला, मग चाळीस घरांचा. मिरच्या गच्चीवर वाळवून देठ खुडायचे, बोटांची आग रात्री झोपू देत नसे. धने, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलची हे एकेक वेगळं भाजायचं, हळकुंड आणि खडा हिंग तेलात तळायचा. खोबऱ्यापाशी ती कोणाला उभं राहू देत नाही, आजही नाही. ते जरा जास्त लाल झालं की सगळा घाणा कडवट होतो. हे सगळं डब्यात भरून मी सायकलवरून दुसऱ्याच्या कांडपावर न्यायचो. ‘कांडपाचे पैसे दर वर्षी बाहेर जातात, तेवढ्यात आपली मशीन का नको?’ हा हिशेब तिचा. पहिली जुनी मशीन आली ती तिच्या भिशीचा नंबर लागला तेव्हा. मला मोटार कळत होती, ती मी बसवली. दळणाची चक्की दोन वर्षांनी आली.

गिरणी चालवणं म्हणजे बटण दाबणं, असं अनेकांना वाटतं. गिऱ्हाईक डबा ठेवतानाच विचारतं, ‘काकू, आता कशावर चाललंय?’ बाजरीवर गहू पडला तर पोळी काळपट होते. उपासाचा राजगिरा, शिंगाडा वेगळ्या वेळी, हरभऱ्याची डाळ वेगळी. कोणाच्या मागे कोणाचा डबा लावायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. पीठ पडू लागलं की ती चिमूटभर बोटावर घेते, अंगठ्याने चोळते आणि सांगते, ‘दगड तापलाय,’ किंवा ‘टाकी लावायला झाली,’ म्हणजे दगडाला छिन्नीने पुन्हा खाचा पाडायला हव्यात. आजवर एकदाही ती चुकलेली मला आठवत नाही. 2005 च्या आसपास भारनियमन जोरात होतं, तेव्हा वीज असेल त्या वेळी, रात्री अकराला नाहीतर पहाटे चारला, गिरणी चालायची. मुलांना शेजारी झोपवून ती उभी राहायची.

मोठं मसाला युनिट घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही दोघं बँकेत गेलो. साहेब म्हणाले, धंदा मिस्टरांच्या नावावर आहे, बाईंनी जामीनदार म्हणून सही करावी. तिने सात ठिकाणी सही केली. म्हणजे कर्ज बुडालं तर वसुलीला ती होती, आणि धंद्याच्या एकाही कागदावर नव्हती. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही.

दिसलं ते तीन वर्षांपूर्वी, मी हृदयाच्या दुखण्याने अठरा दिवस दवाखान्यात होतो तेव्हा. फेब्रुवारी होता, म्हणजे ऐन मिरचीचा हंगाम. नंदुरबारहून माल येऊन पडला, व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते आणि चालू खात्यावर सही फक्त माझी. सत्तावीस वर्षं गल्ला सांभाळणारी बाई स्वतःच्या धंद्याचे पैसे काढू शकत नव्हती. तिने भावाकडून उसने घेऊन माल सोडवला. मला हे घरी आल्यावर कळलं.

माझ्या सासूबाई 1986 मध्ये चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेल्या होत्या. पुढे शेतकरी नेते शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्यांनी आपल्या हाताने जमीन बायकोच्या नावे करायची. आमच्याच जिल्ह्यात शेतकऱ्याच्या बायकोच्या हक्काची एवढी चर्चा झाली. दुकान, गिरणी, वर्कशॉप नवऱ्याबरोबर उभं करणाऱ्या बाईबद्दल मात्र कोणी बोलत नाही. उलट सरकारी सवलत मिळते म्हणून बायकोचं नुसतं नाव लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्या बाईला दुकानाचा उंबरठाही माहीत नसतो. आणि जी रोज शटर उघडते, तिचं नाव कुठेच नसतं.

तुमचा लेख आल्यावर मी सीएकडे गेलो. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात दुसरं नाव घालता येत नाही. 1932 च्या कायद्याप्रमाणे भागीदारीचा करार करायचा, फर्मचा नवा पॅन घ्यायचा, आणि पॅन बदलला की जीएसटी, उद्यम नोंदणी, अन्न परवाना सगळं नव्याने. दीड महिना हेलपाटे झाले. व्यवसाय करणाऱ्या जोडप्यांना माझं सांगणं आहे, हे सुरुवातीलाच करा, तेव्हा काहीच जड जात नाही. कराराचा मसुदा तिने चष्मा लावून दोनदा वाचला. एकच बदल सांगितला, बँकेतली सही ‘दोघांची मिळून’ नको, ‘दोघांपैकी कोणाचीही’ हवी. दवाखान्यातले ते अठरा दिवस ती विसरलेली नाही.

गिरणीची नवी पाटी आता दोघांच्या नावाने रंगवून आली आहे. तिचं नाव मी या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. ते सोबतच्या कागदावर तिच्याच अक्षरात आहे. पुरवणीत जिथे माझं नाव छापलंत, तिथेच आणि तेवढ्याच मोठ्या टाइपात ते छापावं, ही विनंती. फोटोसाठी माणूस पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या आत पाठवा, त्यानंतर दळणाची गर्दी असते.

आपला,
एक गिरणीवाला, सिडको, नाशिक