आबांच्या प्रश्नाचं उत्तर

शिकागो, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझं विद्यापीठ केवढं गं? आपल्या शिवाजी कॉलेजएवढं?" तेवढ्यात आईनं फोन काढून घेतला, स्वेटर घेतलास का म्हणून. उत्तर राहूनच गेलं.

आधी एक खुलासा. शेजारच्या काकू गोडोलीभर सांगत फिरतायत की मी त्या नोबेलवाल्या शिकागो विद्यापीठात आहे. ते वेगळं, खासगी, शहराच्या दक्षिणेला. माझं सरकारी, इलिनॉय विद्यापीठाचं शिकागोतलं. सगळे युआयसी म्हणतात. काकूंना मात्र सांगू नका, पेढे वाटून झालेत त्यांचे.

केवढं म्हणाल तर सुमारे ३३ हजार विद्यार्थी. आमची फार्मसी, मेडिकल, डेंटल आणि हॉस्पिटल पश्चिमेला. आर्ट्स, इंजिनिअरिंग पूर्वेला. मधे मैलभर शहरच. मूळच्या दोन वेगळ्या संस्था १९८२ साली एक केल्या, म्हणून असं. फार्मसी त्यात सगळ्यात जुनी, १८५९ची. म्हणजे आपल्याकडं बंडाची धामधूम संपत होती तेव्हा इथं औषधं कुटायचं शिक्षण सुरू झालं होतं. आणि ऐका, एचआयव्हीवरचं दारुनावीर हे औषध इथल्याच रसायनशास्त्र विभागात असताना अरुण घोष यांनी शोधलं. विषाणू जुन्या औषधांना दाद देईना, म्हणून हे. २००६ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. घोष कलकत्त्याला आणि कानपूरला शिकलेले. हे वाचल्यापासून लॅबमधली काचेची भांडी घासायचा मला तेवढा कंटाळा येत नाही.

पण खरी गोष्ट पूर्वेकडची आहे. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला आणि शिकणाऱ्यांची रीघ लागली. १९४६ साली मिशिगन तलावात घुसलेल्या एका लांबलचक धक्क्यावर, नेव्ही पिअरवर, वर्ग भरवले. तिथं दोनच वर्षं शिकता यायचं. पुढची डिग्री हवी तर दोनशे किलोमीटरवर अर्बानाला जा. कामगारांच्या पोरांना ते कुठून परवडायचं? म्हणून शहरातच पूर्ण विद्यापीठ हवं, अशी मागणी वाढली. महापौर रिचर्ड डेली यांनी जागा दिली ती हॅरिसन आणि हॉलस्टेड रस्त्यांच्या भोवतालची.

ती जागा रिकामी नव्हती, आबा. इटालियन, ग्रीक, मेक्सिकन लोकांची भरली वस्ती होती. जेन ॲडम्स बाईंनी १८८९ साली गरिबांसाठी सुरू केलेलं हल हाउस तिथंच होतं. फ्लॉरेन्स स्काला नावाची एका शिंप्याची लेक उभी राहिली, बायका महापौरांच्या कचेरीत ठिय्या देऊन बसल्या. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६३ साली वस्तीतले लोक हरले. हल हाउसच्या तेरा इमारतींतल्या दोन तेवढ्या वाचल्या. फेब्रुवारी १९६५ला वर्ग सुरू झाले.

तारखा वाचताना मी थांबलेच. त्याच सुमाराला तुम्ही कोयनेतून दाराची चौकट उतरवून बैलगाडीत घालत होतात. मग रयतच्या बोर्डिंगात आलात, कॉलेजच्या शेतावर काम करून बी. ए. झालात. ते धरण आणि तुमची ती डिग्री, यातलं कुठलं मोजायचं, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

टेलर रस्त्यावर एका दुकानात एक म्हातारे गृहस्थ भेटले. माझा वर्ग कुठं भरतो विचारलं. मी इमारतीचं नाव सांगितलं, तर त्यांनी बोटांवर गल्ल्या मोजल्या. आता नसलेल्या. म्हणाले, तिथं आमच्या मावशीचा जिना होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुम्ही हात करून दाखवता ना, "तो चौथरा, त्याच्या मागं आपलं अंगण," अगदी तस्सं. त्यांच्या दोन्ही नाती मात्र युआयसीतच शिकल्यात. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

इमारती सगळ्या राखाडी काँक्रीटच्या. मुख्य मनोरा २८ मजल्यांचा, वर जाताना रुंद होत जातो, जणू उलटा रोवलाय. एका इमारतीत तर असे जिने की दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर जायला आधी खाली उतरावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी वीस मिनिटं फिरत होते. शेवटी झाडूवाल्या मावशींनी हाताला धरून वर्गात सोडलं.

मुलं बरीचशी घरूनच येतात, ब्लू लाइनच्या गाडीनं. माझ्या शेजारी बसणारी मेक्सिकन मुलगी पहाटे बेकरीत काम करून येते, केसांना पीठ लागलेलं असतं. तिच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली तीच पहिली. मी तिला "कमवा आणि शिका" म्हणायला शिकवलंय. 'शिका'चं तिचं 'चिका' होतं.

असो. गुडघ्याला तेल लावता का रोज? आईला सांगा स्वेटर घेतला, आणि मेतकूट संपत आलंय. आणि ती चौकट अजून माडीवर आहे ना? तिचा एक फोटो काढून पाठवायला सांगा दादाला, खालच्या कोपऱ्यातली नक्षी दिसेल असा.

तुमची,
सोनू