एक रविवार आड

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. दोनदा फोन लावलासुद्धा. पण आईने नेहमीसारखं "जेवलीस का गं?" विचारलं आणि पुढचं सगळं घशातच राहिलं. म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि शेवटपर्यंत वाचून होईतो मला फोन करू नका.

पुढच्या महिन्यापासून मी दर रविवारी येणार नाही. एक रविवार आड येईन. विचारायला लिहीत नाहीये, ठरवलं आहे. तुम्हाला आधी न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतंय, पण विचारलं असतं तर तुम्ही लगेच "अगं, तू ये जा नको करूस, तुझी दगदग होते" म्हणाला असतात, आणि मग मी हट्टाने दर रविवारी येतच राहिले असते. आपलं तिघांचं असंच चालतं.

बाथरूममधलं ते पडणं झाल्यापासून दोन वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. शनिवारी ऑफिस सुटलं की स्वारगेट, मग एसटी, पेठ नाका आला की तुम्हाला फोन, आणि रात्री आईच्या हातची गरम भाकरी. त्या भाकरीसाठी मी अजूनही वाट्टेल तेवढा प्रवास करीन. पण मार्चमध्ये माझी साखर काठावर आली. तुम्हाला सांगितलं नव्हतं. काळजीचं काही नाही, औषध सुरू नाही, डॉक्टरांनी फक्त रोज अंगातून घाम निघेल असं काहीतरी करा म्हणून सांगितलं. आई, लगेच उपास धरू नकोस. मी ठीक आहे.

तर मी बॅडमिंटन शिकते आहे. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहा वाजता शिकायचं, आणि पुढच्या महिन्यापासून रविवारी सात ते नऊ खरे सामने. शेहेचाळिसाव्या वर्षी हे काय, असं आईच्या मनात येईल. आमच्या गटात साठीच्या एक काकू आहेत, त्या माझ्यापेक्षा चपळ आहेत.

बाबा, याची सुरुवात खरं तर तुम्हीच करून ठेवलीत. पाटबंधारे कॉलनीतल्या मोकळ्या जागेत तुम्ही ऑफिसचा टेप आणून 44 फूट लांब, 20 फूट रुंद मोजायचात आणि फक्की मारायचात. जाळी मध्ये बरोबर 5 फूट, खांबापाशी 1 इंच जास्त. दोरी सैल पडली की खेळ थांबवून पुन्हा मोजायचात. आणि शटलच्या फुलांची ती नळी! खेळायला निघायच्या आधी आईच्या चहाच्या आधणावर धरायचात, वाफ लागली की पिसं पटकन तुटत नाहीत म्हणून. आई म्हणायची, "आटवा सगळं पाणी, मग प्या फुलांचाच चहा." मी शेजारी उभी राहून पिसं मोजायची. सोळा. एखादं मोडलेलं असलं तर ते फूल माझं व्हायचं. नंदू नाटेकर आपल्या सांगलीचे, 1956 साली सेलांगरची स्पर्धा जिंकून आले, परदेशात जिंकणारे पहिले भारतीय, हे मी तेव्हा इतक्यांदा ऐकलं की शाळेत बाईंनी विचारल्यावर शिवाजी महाराजांच्या आधी तेच सांगितलं होतं.

तेव्हा खेळायचा दादा. मी फुलं आणून द्यायची. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. ती फुलं आणून देतानासुद्धा मी खूप सुखात होते, खरंच.

आता शिकताना पहिले तीन आठवडे फूल हातात दिलंच नाही. नुसती पावलं. मध्यावर उभं राहायचं, कोपऱ्यात जायचं, परत मध्यावर. पुढचे दोन कोपरे, बाजूचे दोन, मागचे दोन. पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. मग रॅकेट हातात आली, तर महिन्याभरात कोपर दुखायला लागलं. सरांनी माझी मूठ बघितली आणि एकेक बोट सोडवलं. म्हणाले, "ताई, एवढी घट्ट कशाला धरलीय? कुठे पळून जात नाही ती. सैल धरा, फूल लागायच्या क्षणी आवळा, परत सोडा." तेव्हापासून मी घरीही बघते, भाजी चिरताना, फोन धरताना, एसटीत पुढच्या सीटचा दांडा धरताना माझी मूठ आवळलेलीच असते. दोन वर्षं आवळलेलीच होती बहुतेक.

पण मला सांगायचं आहे ते वेगळं. शिकताना आम्ही दुहेरीही खेळतो. दोघींच्या बरोबर मध्ये फूल आलं की ते सगळ्यात अवघड. लांबचं घेता येतं, धावून घेता येतं. पण मधलं दोघींनाही सहज घेता येण्यासारखं असतं, आणि तेच पडतं. मला वाटतं ती घेईल, तिला वाटतं मी घेईन. दोघी भल्या, दोघी एकमेकींसाठी थांबतो, आणि फूल मधोमध जमिनीवर. पहिल्या महिन्यात आमचे निम्मे गुण असेच गेले. सर दर वेळी ओरडायचे, "बोला! तोंड उघडा! 'माझं' म्हणा नाहीतर 'तुझं' म्हणा!" मला ते जमायचंच नाही. "माझं" असं ओरडून म्हणायला लाज वाटायची, आणि "तुझं" म्हणायला त्याहून जास्त. आपल्या घरात असं कोणी म्हणतच नाही ना. आई म्हणते "राहू दे, मी करते", मी म्हणते "राहू दे, मी येते", आणि दादा काहीच म्हणत नाही.

एका सकाळी असंच एक फूल आमच्या दोघींच्या मध्ये पडलं आणि मला एकदम दादाची आठवण आली. तिथेच, कोर्टवर. दोन वर्षं मी त्याला एकदाही म्हटलं नाही की हे तुझंही आहे. मी धावत राहिले आणि मनातल्या मनात त्याच्यावर चिडत राहिले. तो तिकडे हैदराबादला बसून समजत होता की नीलू घेतेच आहे, आपण मध्ये कशाला जा, आपल्याला बाबा दारात तरी उभं करतील का. त्या संध्याकाळी त्याला फोन केला. म्हटलं, "दादा, महिन्यातला एक रविवार तुझा." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांना चालेल?" बाबा, त्याचा आवाज तसाच होता, विहिरीत बादली पाडली होती त्या दिवशीसारखा.

तुम्हाला 2022 च्या मे महिन्यातला तो रविवार आठवतो का? थॉमस कपची फायनल, बँकॉकला, समोर इंडोनेशिया. मी आले होते, आईने मसालेभात केला होता. लक्ष्य सेन पहिला गेम 8-21 हरला तेव्हा तुम्ही म्हणालात, संपलं. तो जिंकला. मग दुहेरीत सात्विक-चिराग पहिला गेम हरले, दुसऱ्यात तर हरायला एकच गुण उरला होता, आणि तिथून परत आले. तुम्ही तेव्हा मला दाखवलं होतंत, "बघ, प्रत्येक गुणानंतर दोघं हाताला हात लावतात. चुकल्यावरसुद्धा." मला तेव्हा ती नुसती पद्धत वाटली. आता आम्हीही लावतो. जिने फूल जाळीत मारलं तिला ते फार लागतं, दुसरीने हात पुढे केला नाही तर पुढची सर्व्हिसही हमखास जाळीत जाते. बाबा, एवढंच लिहिते. तुमचं आणि दादाचं बिनसलं त्या वर्षाबद्दल मला काही उकरून काढायचं नाही. कोणाचं चुकलं हेही नको. तो आला की तुम्ही "आलास, बस" म्हणा. पुढचं आई सांभाळेल.

तुमची सगळी व्यवस्था लावली आहे. मी नसेन आणि दादाही नसेल त्या रविवारी मंजूताई सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहतील, बोलणं झालंय, पैसे मी देणार आहे, आईने त्यांना वर काही देऊ नये. बाथरूममध्ये दुसरा दांडा बसवायला गुरुवारी माणूस येईल. त्याला कमोडच्या उजवीकडेच बसवायला सांगा. व्यायाम शिकवणारी मुलगी बुधवार-शनिवार येत राहील, तिला "आज नको" म्हणून परत पाठवायचं नाही. बाबा, मी बघितलंय तुम्ही पाठवता ते. आई, थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा तास, चहाबरोबर नाही. गोळ्यांच्या डबीत मी पंधरा दिवसांच्या भरून ठेवत जाईन. रात्री पॅसेजमधला दिवा चालूच ठेवा. बिल माझ्याकडे पाठवा, पण दिवा बंद करू नका. गच्चीवर वाळवणं घालायला वर जायचं नाही. कुरडया मी विकत आणीन. तुझ्यासारख्या नसतील, चालेल मला.

आणि रोज रात्री साडेआठला फोन करीनच. दिवसातून तीनदा मात्र नाही करणार. तुम्ही एकदा फोन उचलला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा आणि मी वर्षाकाकूंना धावत पाठवायची, ते त्यांनाही आता होत नाही. तुम्ही फक्त साडेआठला फोन जवळ ठेवा, देवघरात नको.

आई, तुला वाटेल मुलीला आता आपल्यापेक्षा खेळ मोठा झाला. तसं नाही गं. दोन वर्षं मी येत होते, पण येऊन काय करत होते? गोळ्या मोजत होते, डॉक्टरांचे कागद लावत होते, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपून जात होते. तू केसांना तेल लावते म्हणालीस तेव्हाही मी "नंतर" म्हणाले. पंधरा दिवसांनी येईन तेव्हा तेल लाव. खाली बसेन तुझ्या पायाशी, पूर्वीसारखी.

बाबा, एक मागणं आहे. माळ्यावर तुमची जुनी रॅकेट असेल, लाकडी चौकटीत चार स्क्रूंनी आवळलेली. मला ती हवी आहे. तिने खेळता येणार नाही, तात तुटली असेल, पण मला हवी. मात्र ती काढायला तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, आईलाही चढवायचं नाही. पहिल्या रविवारी दादा येईल. त्याला सांगा. कुठे ठेवली आहे ते त्याला माहीत असेल.

तुमची,
नीलू