तलावांच्या टक्क्यांशेजारी टँकरही छापा

महोदय,
उन्हाळा तापला की तुमच्या अंकात तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा या मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांच्या साठ्याचे टक्के येऊ लागतात. आमच्या घरात सकाळी आधी तेच वाचतात. गेल्या मे महिन्यात लग्नासाठी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. तेव्हापासून तो तक्ता वाचताना घशाशी काहीतरी अडकतं.

लग्नघरातल्या बायका पहाटे चारला विहिरीवर निघाल्या, मीही गेले. टँकर दोन दिवस फिरकला नव्हता. एक मुलगी आत उतरून तळाचं गढूळ पाणी वाटीवाटीने कळशीत भरत होती. वर आलेलं पाणी पदराने गाळून हंड्यात ओतायचं, तेही घरटी दोनच हंडे. मी पाहुणी, म्हणून मला हात धुवायला भरलेला तांब्या दिला. तो घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं याच तालुक्यातली. तानसाचं पाणी मुंबई 1892 पासून पितेय. शहराचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं, आणि त्या धरणाखाली गेलेल्या जमिनी इथल्याच माणसांच्या. मुंबईला रोज 380 कोटी लिटरहून अधिक पाणी लागतं. पाड्यांना त्यातलं कितीसं लागणार?

आमच्या मजल्यावर कुणाचा नळ गेला तर न विचारता बादली पोचते. शेजारधर्मच आहे तो. ज्यांच्या उशाचं पाणी आपण पितो, ते शेजारी नव्हेत का? मुलुंडहून आसनगाव, म्हणजे शहापूरचं स्टेशन, लोकलने सव्वा तासावर आहे. परतले तेव्हा सोसायटीत पाइप लावून गाड्या धुणं चाललं होतं. धुणारी माणसं वाईट नाहीत. विहिरीत उतरलेली ती मुलगी त्यांनी पाहिलेली नाही, एवढंच. मीही पन्नाशी उलटेपर्यंत पाहिली नव्हती.

मुंबईचं पाणी तोडा असं माझं म्हणणं नाही. पण धरणाच्या कुशीतल्या पाड्यांना पहिला नळ मिळायला हवा, आणि त्यासाठी चार पैसे जास्त पाणीपट्टी भरायची माझी तयारी आहे. तुम्हाला एकच विनंती: तलावांच्या टक्क्यांशेजारी शहापूरच्या किती पाड्यांवर आज टँकर गेला, किती पाड्यांवर गेला नाही, तेही रोज छापा. भावली धरणातून तालुक्याला पाणी देण्याच्या योजनेचं काम कुठवर आलं, तेही अधूनमधून येऊ द्या.

– एक गृहिणी, मुलुंड (पूर्व)